हंड्यावरचा पदर

आमच्या समाजाच्या हॉलमध्ये मागच्या दाराजवळ तांब्याचा एक मोठा हंडा आहे आणि त्याच्याकडे बघायचं नाही, असा नियम आहे. आम्ही हुबळी-धारवाडच्या मराठी लोकांनी नियम खूप केले आणि तितकेच मोडले. आरती कधी वेळेवर सुरू होत नाही. ‘मोबाइल बंद ठेवा’ या पाटीखाली उभं राहूनच सगळे फोनवर बोलतात. पण हंड्याचा नियम कुणी मोडल्याचं माझ्या आठवणीत तरी नव्हतं.

हंड्याच्या तोंडावर जुन्या इरकली लुगड्याचा पदर दुहेरी करून टाकलेला असतो. गुरुवारच्या आरतीला प्रत्येकजण घरून एक कापडी पिशवी घेऊन येतो; ती भरलेली की रिकामी, तेही बघायचं नाही. आरती झाली की एकेकानं मागं जायचं, पिशवीसकट दोन्ही हात पदराखाली घालायचे आणि तसंच बाहेर पडायचं. बाकीच्यांनी तोवर देवाकडे तोंड करून उभं राहायचं. ज्याला द्यायचं आहे तो पदराखाली तांदूळ ओततो. ज्याच्या घरी तांदूळ नाही तो पदराखालीच पिशवी भरून घेतो. कोण काय करून गेला ते कुणाला कळत नाही. उरलेल्या तांदळाचा महाप्रसाद होतो.

ही रीत कुणी घालून दिली ते सांगता येत नाही, पण तो माणूस व्यापारी होता याबद्दल मला शंका नाही. आमच्यातली बहुतेक घरं दक्षिण महाराष्ट्रातून कापड, भांडी, किराणा असलं काही ना काही विकायला इथं आली. व्यापाऱ्याची पत गेली की माल बंद होतो आणि माल बंद झाला की चूल. घरातला तांदूळ संपला ही बातमी बाजारात पोचली, तर तो परत घरात यायची आशाच संपते. म्हणून कुणीतरी शहाण्यानं हंड्यावर पदर टाकला असणार.

मी स्वतः व्यापाऱ्याच्या घरात वाढले, पण नोकरी केली धारवाडच्या कोर्टात, भाषांतराची. मराठी साक्षीदार बोलायचा, मी कन्नडमध्ये सांगायची. जुने मराठी दस्त यायचे, ते मी कन्नडमध्ये उतरवायची. साक्षीदारानं शिवी दिली तर शिवीच सांगायची, ‘अपशब्द वापरला’ असं म्हणायचं नाही, हा माझा बाणा. एका वकिलांनी एकदा हळूच सुचवलं होतं की तेवढा शब्द जरा सौम्य घ्या. त्यांना मी असं काही बोलले की पुढं ते माझ्यासमोर चहा मागवायलाही कचरायचे. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो असं घरचे म्हणतात, आणि खोटं म्हणत नाहीत.

माझी मोठी बहीण, जिला सगळं गाव अक्काच म्हणतं, हुबळीत राहते. कोप्पीकर रोडच्या मागच्या गल्लीत दाजींचं कापडाचं दुकान होतं. लोक मोबाइलवर कपडे मागवायला लागले आणि दुकान बसलं. आता दाजी मोठ्या दुकानदारांकडून ब्लाउजपीस आणि अस्तरं विश्वासावर आणतात आणि शिवणकाम करणाऱ्या बायकांना घरोघरी पोचवतात. हे माल देणारे सगळे आमच्याच समाजाचे. गुरुवारी आरतीला पहिल्या रांगेत तेच उभे असतात.

अक्काच्या घरी काय चाललंय ते मला भातानं सांगितलं. एका शुक्रवारी मी न कळवता गेले होते. तिनं जेवायला बसवलं. पहिला घास तोंडात घेतला आणि हात थांबला. काही शितं अगदी मेण झालेली, काही टचटचीत, मधेच एखादं लाल. एका घरात एका वेळी एकच तांदूळ असतो. सोना मसुरी, कोलम, जाडा उकडा असा घरोघरचा तांदूळ एकत्र होतो तो आमच्यात एकाच ठिकाणी. तो कितीही जपून शिजवा, एकसारखा शिजत नाही. महाप्रसादाला आम्ही सगळे तोच खात आलोय, त्यामुळं ओळखायला चूक होणं शक्यच नव्हतं. ‘वाढू काय गं अजून?’ अक्का म्हणाली. मी वाढून घेतलं. नको म्हटलं असतं तर तिला संशय आला असता.

मदत करायचा प्रयत्न मी केला नाही असं नाही. पण मी एक पिशवी घेऊन गेले की परत निघताना अक्का माझ्या हातात दुसरी कोंबते. लोणच्याची बरणी, परसातला कढीपत्ता, एकदा तर स्वतःची ठेवणीतली साडी. तिला घेणं जमतच नाही. रेशनचं कार्ड दुकान जोरात होतं तेव्हाचं, त्यावर फार काही मिळत नाही. मिळालं असतं तरी ती रांगेत उभी राहिली नसती. तिचा हात फक्त त्या पदराखाली जायचा, कारण तिथं देणारा समोर नसतो. मला कळलंय हे मी तिला कळू दिलं नाही, आणि याचा मला मनातून थोडा अभिमानही होता.

गेल्या वर्षी हंडा कमी भरायला लागला. महाप्रसादाला ऐनवेळी बाजारातून पोतं आणावं लागलं आणि कुजबुज सुरू झाली. कुणीतरी पोत्यानं नेतंय, कुणीतरी नेऊन विकतंय. घेणारी घरं वाढली असतील, हे कुणाच्या मनात आलं नाही असं मी म्हणणार नाही. पण ते बोलून दाखवायचं तर आपण बघितलंय हे कबूल करावं लागतं. मग चोर आहे म्हणणंच सगळ्यांना सोपं गेलं.

अशात समाजाचे सेक्रेटरी माझ्या घरी आले. सुभाष रोडला काम होतं, सहज डोकावलो म्हणाले. पण सहज डोकावणारा माणूस असा घाम पुसत बसत नाही.

‘काकू, यंदा वर्धापनदिनाला आमदार येणार हाईत. भाषांतर तुम्हीच करायचं.’

आमच्या कार्यक्रमात पाहुणा कन्नडमध्ये बोलतो आणि वाक्यावाक्याला त्याचं मराठी करायचं असतं. हॉलमधल्या एकूण एक माणसाला कन्नड येतं. अर्ध्यांना तर मराठीपेक्षा बरं येतं. तरी भाषांतर होतंच. पाहुण्यानं विनोद केला की लोक एकदा कन्नडला हसतात आणि मग माझा मान राखायला परत मराठीला हसतात.

‘करते की,’ मी म्हटलं. ‘बोलणार कशावर?’

‘भ्रष्टाचार, देशाची एकी, समाजानं दान कसं करावं. आणि काकू...’ त्यांनी रुमाल परत बाहेर काढला. ‘हंड्याचं मी त्यांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, पदर काढा, तराजू ठेवा. देणाऱ्याचं नाव आणि वजन फळ्यावर लिहा. ज्याला पाहिजे त्यानं कमिटीला सांगायचं, कमिटी घरपोच देईल. त्या दिवशी ते स्वतःच्या हातानं पदर काढणार हाईत.’

‘आणि तुम्ही हो म्हणालात?’

‘चुकीचं काय सांगितलं त्यांनी? तुम्हीच सांगा की.’

कमिटीत कोण कोण आहे ते मला ठाऊक होतं. दाजींना माल देणारे तेच. अक्कानं त्यांच्यापुढं जाऊन म्हणायचं की आमच्याकडे तांदूळ नाही, आणि दुसऱ्या दिवशी दाजींनी त्यांच्याच दुकानात अस्तराचा तागा मागायचा. असं झालं तर दाजींचा उरलासुरला धंदा बसणार हे सांगायला ज्योतिषी नको. आणि अक्का मागणारच नाही हेही नक्की. ती उपाशी राहील. सेक्रेटरी गेल्यावर मी घरभर फिरत राहिले. कपाट आवरायला काढलं आणि अर्ध्यावर टाकलं. भाजी चिरायला घेतली, तीही तशीच राहिली.

आमदार वाईट असते तर फार बरं झालं असतं. चार शिव्या घालून मोकळी झाले असते. पण हा माणूस खात नाही, असं त्यांचे विरोधकसुद्धा म्हणतात. निवडून आल्यावर त्यांनी आपल्या कचेरीच्या खोलीचं दार बिजागऱ्यांतून काढून ठेवलं. आत कोण बसलंय, काय बोलतंय, ते बाहेरच्या बाकावरून सगळं दिसतं आणि ऐकू येतं. कार्यक्रमाआधी मी त्या बाकावर जाऊन बसले. मला जे बोलायचं होतं ते या बिनदाराच्या खोलीत बोलता येणार नाही, हे बसल्या बसल्याच माझ्या लक्षात आलं. तरी आत गेले.

‘बर्री मॅडम, कूड्री,’ त्यांनी खुर्ची दाखवली. पुढचंही सगळं ते कन्नडमध्येच बोलले. मराठी त्यांना चांगलं समजतं. अळणावरचे आहेत, तिथं कुणाला समजत नाही?

‘साहेब, तेवढा पदर राहू द्या,’ मी म्हटलं.

‘का?’

‘जुनी रीत आहे.’

‘जुनी आहे म्हणून ठेवायची तर लाच पण जुनीच आहे की,’ ते म्हणाले, आणि बाहेरच्या बाकावरचे दोघंतिघं हसले. मग त्यांनी आवाज उतरवला. ‘माझे वडील लाकडाची गाडी हाकायचे. एका परवान्यासाठी अर्ज करायचा होता. मी कॉलेजात होतो, म्हणून मला बरोबर नेलं. अर्ज मी फार चांगला लिहिला होता, मॅडम. कारकुनानं तो वाचलासुद्धा नाही. वडिलांचा हात टेबलाखाली गेला. वर आला तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. घरी पोचेपर्यंत बघितलं नाही. तेव्हापासून मला झाकलेला हात सहन होत नाही. टेबलाखाली असो नाहीतर पदराखाली असो.’

मला त्या वडिलांचं वाईट वाटलं आणि समोर बसलेल्या या पिकल्या केसांच्या मुलाचंही. ‘साहेब, तो हात घाबरलेला होता,’ मी म्हटलं. ‘आमचा पदरही घाबरलेल्यांसाठीच आहे.’

‘मग भीती घालवू या. पदर कशाला जपायचा? मागताना मान खाली जाऊ नये असा देश करायचाय आपल्याला. चांगल्या माणसाचा हात झाकतो तोच पदर चोराचाही झाकतो.’ ते थोडे पुढं वाकले. ‘तुमच्या ओळखीचं आहे का कुणी, ज्याला उघड मागता येत नाही? नाव सांगा. मी स्वतः जातो त्यांच्या घरी.’

ते खरंच गेले असते. गाडी गल्लीच्या तोंडाशी लागली असती आणि सगळी गल्ली दारात आली असती. बाकावरची माणसं आमच्याकडे बघत होती.

‘नाही,’ मी म्हटलं. ‘तसं कुणी नाही.’

‘तर मग?’

मी नमस्कार करून उठले. धारवाडला परतताना बीआरटीएसच्या बसमध्ये जागा असूनही मी उभीच राहिले. मनात त्यांच्याशी भांडत होते. नवलूर येईपर्यंत मी जिंकत होते, पुढं ते जिंकायला लागले. झाकलेल्या जागी चोर शिरतो हे खरंच आहे. कोर्टात मी दुसरं काय बघितलं होतं? आणि तरी अक्काचा हात डोळ्यांसमोरून हलत नव्हता. माणूस बरोबर बोलत असला आणि तरी आपल्याला ते नको असलं, की जिवाची जी तगमग होते ती मला नवी होती.

वर्धापनदिनाला हॉल गच्च भरला होता. हंडा मागं आपल्या जागी, पण त्याच्या शेजारी नवाकोरा तराजू आणि पुसून ठेवलेला फळा. अक्का बायकांच्या बाजूला खांबाशी बसली होती. दाजी आले नव्हते. तिची कापडी पिशवी घडी करून कमरेला खोचलेली होती. तराजूचं कुणी तिला सांगितलं नव्हतं, आणि मला सांगता आलं नव्हतं.

आमदार उभे राहिले. फुलांचा गुच्छ त्यांनी घेतला नाही, शाल परत केली. हातात कागद नव्हता. ‘भ्रष्टाचार वरून खाली येतो असं आपण म्हणतो,’ ते म्हणाले. ‘मी म्हणतो तो घरातून वर जातो. मुलीच्या ॲडमिशनसाठी तुम्ही मला फोन करता तेव्हा तो सुरू होतो. रांग सोडून आत जाता तेव्हा सुरू होतो. तुम्ही मला मत देताना प्रामाणिक माणूस शोधता आणि काम पडलं की ओळखीचा माणूस शोधता.’ मी शब्दाला शब्द मराठी केलं. लोक माना खाली घालून ऐकत होते. कन्नडमध्ये एकदा ओशाळले आणि मराठीत परत.

मग ते देशाच्या एकीवर आले. ‘घोषणा दिल्यानं देश एक राहत नाही. शेजारच्या गल्लीत चूल पेटली का, हे विचारल्यानं राहतो. या गावात प्रत्येक समाजाचा आपापला हंडा आहे. मठात आहे, मशिदीत आहे, तुमच्याकडे आहे. प्रत्येकजण आपल्याच माणसाला वाढतो. ते वाईट नाही. पण मराठी हंड्यातला तांदूळ कन्नड घरात शिजला पाहिजे आणि कन्नड घरातली भाकरी उर्दू शाळेतल्या पोराच्या डब्यात गेली पाहिजे. दान आपल्या उंबऱ्यात संपलं तर ते आपलंच आपल्याला वाढणं झालं.’ हे भाषांतर करताना माझा आवाज चढला. मला ते मनापासून पटलं होतं, आणि आमच्या हॉलमध्ये असं कुणीतरी म्हणण्याची गरजही होती.

‘तुमच्या हंड्यातला तांदूळ बघा,’ ते पुढं म्हणाले. ‘किती घरचा, किती जातीचा. पण शिजला की एकच भात होतो. तसाच आपला देश.’ लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी तसला भात कधी खाल्ला नव्हता हे उघड होतं. मी मराठी केलं. खांबाशी बसलेल्या अक्काच्या ओठांवर बारीक हसू आलं, तो भात रोज शिजवणाऱ्या माणसाला येईल तसं.

ते हसू लगेच गेलं. कारण आमदारांनी हात उचलून मागं बोट दाखवलं होतं.

‘म्हणून आज आपण एक काम करू,’ ते कन्नडमध्ये म्हणाले. ‘तो पदर मी माझ्या हातानं काढणार आहे. यापुढं देणाऱ्यानं सगळ्यांसमोर द्यावं. ज्याला गरज आहे त्यानं न लाजता मागावं. या हॉलमध्ये यापुढं कुणाचा हात झाकलेला राहणार नाही.’

अक्कानं कमरेची पिशवी आणखी आत खोचली आणि मागच्या दाराकडे बघितलं. ती उठायच्या बेतात होती. या दारातून ती गेली तर परत यायची नाही, हे मला दिसत होतं. मी माइक तोंडाशी नेला. कोर्टातल्या सगळ्या वर्षांत जे केलं नाही ते माझ्या तोंडून निघून गेलं.

‘साहेब म्हणतात,’ मी म्हटलं, ‘या पदराखाली तुमच्या आज्यांचे आणि पणज्यांचे हात गेले. आज मीही तुमच्यासारखाच त्याच्याखाली हात घालणार आणि पदर आहे तसा ठेवून जाणार.’

एवढ्या सगळ्या माणसांनी दोन्ही वाक्यं ऐकली. दोन्ही समजली नाहीत असा एकही माणूस तिथं नव्हता. सेक्रेटरींचं तोंड उघडंच राहिलं. पहिल्या रांगेतल्या दुकानदारांनी एकमेकांकडे बघितलं. आता कुणीतरी उठणार, म्हणणार की बाई, ते असं म्हणाले नाहीत. मागून कुणीतरी टाळी वाजवली. मग दुसऱ्यानं. मग सगळ्यांनी, पहिल्या रांगेनंसुद्धा. त्या वाक्याला कन्नडमध्ये एकही टाळी पडली नव्हती.

आमदार माझ्याकडे बघत राहिले. मग माइकजवळ आले आणि दिवसातलं पहिलं मराठी वाक्य बोलले, ‘मॅडमनी सांगितलं तसं.’

मला रडू फुटेल असं झालं. सुटले, सगळ्यांना सोडवलं. टाळ्या अजून चालल्या होत्या आणि त्या आनंदात मी अक्काकडे बघितलं.

ती टाळ्या वाजवत नव्हती. ती माझ्याकडेच बघत होती. मग तिची नजर स्वतःच्या कमरेकडे गेली आणि परत माझ्या तोंडावर आली. एवढ्या गर्दीत मी तिलाच का शोधलं, याचा अर्थ तिला लागला. मी चटकन मान वळवली, पण उशीर झाला होता.

आमदार खाली उतरले. कुणीतरी त्यांच्या हातात तांदळाची पिशवी दिली. आम्ही सगळे देवाकडे तोंड करून उभे राहिलो, मीही. मागं पदर सळसळला एवढं ऐकू आलं. नंतर एकेकजण जाऊन हात घालून जेवायच्या मांडवात गेला. अक्का पंगतीत दिसली नाही.

जेवण झाल्यावर हात धुवायच्या नळापाशी आमदारांनी मला गाठलं. ‘मॅडम, तुम्ही केलंत त्याला कोर्टात काय म्हणतात?’

‘खोटं भाषांतर.’

‘आणि सगळ्यांना खोटं आहे हे माहीत असून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, त्याला?’ ते रुमालानं हात पुसत होते, आवाजात राग नव्हता. ‘मी त्यालाच भ्रष्टाचार म्हणतो. सगळ्यांना ठाऊक असतं आणि सगळे गप्प बसतात. आज तुम्ही चांगल्यासाठी केलंत. उद्या याच हॉलमध्ये दुसरं कुणी कशासाठी करेल ते सांगता येत नाही.’ ते जायला वळले आणि थांबले. ‘कुणासाठी केलंत ते मला सांगू नका. सांगितलंत तर मला राहवणार नाही, मी मदत करायला जाईन.’

त्यांना द्यायचं उत्तर मी अजून शोधते आहे. भांडी घासताना शोधते, चालताना शोधते. सगळ्यांनी मिळून गप्प बसणं कधी दया असते आणि कधी पाप, हे बाहेरून कसं ओळखायचं? माझ्याकडे एकच उत्तर होतं, की मी अक्काला वाचवलं. पुढच्या काही गुरुवारी अक्का आरतीला आली नाही. फोन केला तर दाजींचे गुडघे दुखतात म्हणाली. मी ते खरं धरलं, कारण मला ते खरं हवं होतं.

मग सेक्रेटरींचा फोन आला. आवाज खुशीतला. ‘काकू, पदर ठेवला ते बरंच झालं बघा. हंड्यात तांदूळ उरायला लागलाय. तराजू बघूनच चोर घाबरला.’

मी फोन ठेवला आणि बस पकडून हुबळीला गेले. तांदूळ उरतोय म्हणजे न येणारी अक्का एकटी नव्हती. आणखी कुणीकुणी त्या दिवशी तो तराजू बघून, नाहीतर साहेबांचं कन्नड ऐकून घरी गेले होते आणि परत आले नव्हते.

अक्कानं दार उघडलं. ‘ये,’ म्हणाली. दाजी आतल्या खोलीत झोपले होते. तिनं काही विचारलं नाही, पाट मांडला आणि ताट वाढलं. भात पांढराशुभ्र, मोकळा, एकेक शीत सारखं. वर तूप. स्वतःच्या ताटात तिनं भाकरी आणि चटणी घेतली.

‘तुला भात?’

‘मला आता भाकरीच सोसते.’

मी जेवत राहिले. अक्कानं आजपर्यंत स्वतःच्या स्वयंपाकाबद्दल कधी कुणाला विचारलं नव्हतं. त्या दिवशी विचारलं.

‘एकसारखा शिजलाय काय गं?’

‘होय अक्का. छान झालाय.’

‘वाढू काय अजून?’ तिचा हात पातेल्याच्या झाकणावर होता.

‘नको,’ मी म्हटलं. ‘पोट भरलं.’

तिनं झाकण काढून बाजूला ठेवलं आणि पातेलं माझ्याकडे कलतं केलं. आत एक शीतही नव्हतं.

‘बघ की,’ अक्का म्हणाली. ‘आता तुझ्यापासून काय झाकायचं?’